ढग आले की तात्या गच्चीवर

आभाळ भरून आलं की लोकांना भजी आठवतात. मला तात्या आठवतात आणि डोकं फिरतं. तुळजापूर सोडून मी येडशीच्या शाळेत आले, त्यालाही आता काही वर्षं झाली. इथं रामलिंगाच्या डोंगरावरून ढग खाली उतरताना फार देखणे दिसतात, असं सगळे म्हणतात. दिसत असतील. माझ्या कानांत मात्र तेव्हा जिन्यावरून धाडधाड चढणारी पावलं वाजायला लागतात आणि पाठोपाठ ती खणखणीत आरोळी ऐकू येते, "दिसतंय का?"

तात्या माझे घरमालक. देवळापासून दोन गल्ल्या सोडून त्यांचं घर. खाली ते आणि काकू, वर गच्चीवर एकच खोली, ती माझी. खोली भाड्यानं देताना त्यांनी मला तासभर उभं करून नियम सांगितले. नळ ठिबकत ठेवायचा नाही. चपला जिन्याखाली काढायच्या, जिन्यावर नाही. पाहुणा आला तर त्यानं आधी खाली येऊन नमस्कार करायचा, मग वर जायचं. सगळं सांगितलं, फक्त एक गोष्ट सांगितली नाही. माझ्या दारासमोर टीव्हीची डिश होती. तात्या तिला छत्री म्हणत. ढग आला की त्या छत्रीपायी गच्ची माझी राहत नसे. मग मी केस पुसत असो, भाजी चिरत असो की रविवारची डुलकी काढत असो.

"बाई, सरका. छत्री बघायचीय."

छत्री जुनी, कडेला गंजलेली. ढग जरा दाटला की खालच्या टीव्हीवरचं चित्र थरथरायचं, मग त्याचे चौकोनी तुकडे व्हायचे आणि शेवटी निळा पडदा यायचा. तात्या वरून ओरडायचे, "दिसतंय का?" काकू खालून ओरडायच्या, "न्हाय!" पुन्हा "दिसतंय का?", पुन्हा "न्हाय!" अख्ख्या गल्लीला हे पाठ झालं होतं. समोरचा पेढेवाला तर काकूंच्या आधीच "न्हाय" म्हणायचा. तात्या मग छत्री सोडून त्याच्याशी भांडायचे.

भांडण हा त्यांचा श्वास होता. दारासमोर गाडी लावणाऱ्या भक्तांशी ते भांडत, देवळाच्या वाटेवर मोबाईल उंच धरून चालणाऱ्यांशी भांडत, "ओके" म्हणणाऱ्या कुणाशीही भांडत. "ओके म्हंजे व्हय का न्हाय, ते सांग आधी!" डिशच्या कंपनीला फोन लावला की त्यांना विशेष चेव यायचा. पलीकडून ध्वनिमुद्रित बाई बोलायची, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. तात्या म्हणायचे, "महत्त्वाचा हाय तर उचल की मग!" तिनं मराठीसाठी दोन दाबा म्हटलं की हे म्हणायचे, "म्या मराठीच बोलायलोय, दाबायचं कशाला?" एकदा चुकून खरं माणूस लागलं. हवामानामुळे अडथळा येतोय, असं तो मुलगा नम्रपणे म्हणाला. तात्या गरजले, "म्हंजे ढगावर ढकललंस व्हय? आरं, ढगाला घेऊन ये मग इथं, त्याच्याशी बोलतो!"

त्यांची एक म्हण होती, स्वतःच केलेली. "भांडायचं तर आभाळाशी भांडावं. आभाळ उलटून बोलत न्हाय." हे ज्या तोंडानं म्हणत, त्याच तोंडानं दिवसभर माणसांशी भांडत. मला याची पहिल्यांदा गंमत वाटायची. नंतर ती गेली.

ती का गेली ते सांगायचं तर आधी गादीचं सांगायला हवं.

नवरात्राच्या आधी आमच्याकडं देवी निद्रेला जाते. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेला ती परत सिंहासनावर बसते. तुळजापुरात तिला कुणी देवी म्हणत नाही, आईच म्हणतात. आई निजलेली असताना घरातल्या कुणी गादीला पाठ लावायची नाही, अशी तात्यांच्या घरची रीत. घराणं पुजाऱ्याचं. मला हे ठाऊक नव्हतं. पहिल्याच भाद्रपदात मी शाळेतून दमून आले तर खोलीत गादी नाही. चोरी झाली म्हणून मी बोंब मारणार, तेवढ्यात तात्या जिन्यातून म्हणाले, "खाली ठिवलीय. आई उठली की मिळंल." मी निमूट सतरंजीवर झोपले आणि सकाळी पाठ धरून शाळेत गेले. वर्गातल्या पोरी हसून म्हणाल्या, "म्याडम, तुमचीबी गादी नेली का तात्यांनी?"

मी भाडेकरू होते, माझी गादी निदान घडी घालून ठेवली. त्यांच्या सुनेची गादी त्यांनी भर गल्लीत फेकली होती.

हे मला काकूंनी सांगितलं, शेंगा फोडता फोडता, जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं सांगावं तसं. सून पोटुशी होती, दिवस भरत आलेले. पाठ मोडून येत होती, जमिनीवर कूस बदलता येत नव्हती. मुलानं निद्रेच्या दिवसांतच तिच्यासाठी खोलीत गादी घातली. तात्या देवळातून आले, त्यांनी ती पाहिली, फरफटत बाहेर नेली आणि चिखलात टाकली. शेजारीपाजारी दारात जमले. सून दाराच्या चौकटीला धरून एवढंच म्हणाली, "आईला निजायला पलंग लागतो, मला गादी लागली तर काय बिघडलं?"

किती साधा प्रश्न. मला तर वाटतं, देवीनं ऐकला असता तर स्वतः उठून तिला पलंग दिला असता. पण तात्यांना तो उद्धटपणा वाटला. त्यांनी तिथंच, सगळ्यांदेखत, आईची शपथ घेतली. पोरगा या उंबऱ्याच्या आत यायचा नाही आणि आपण त्याचं तोंड पाहायचं नाही. मुलगा बायकोला घेऊन त्याच संध्याकाळी गेला. देवळातली सेवा त्यानं सोडली नाही, तात्यांनी ती त्याच्याकडं आधीच दिलेली होती. घर मात्र सुटलं.

सुरुवातीला काकू देवळात जायच्या तेव्हा मुलाला भेटायच्या. नात झाली, तिलाही तिथंच ओवरीत बसून मांडीवर घेतलं. मग काकू न्हाणीत पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. सोलापूरला शस्त्रक्रिया झाली. मुलगा तिथं रोज यायचा आणि तो आला की तात्या दवाखान्याच्या बोळात जाऊन भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. नर्सबाई विचारायच्या, आजोबांना काही होतंय का? काकू म्हणायच्या, त्यांना शपथ झालीय.

घरी आल्यावर काकूंची वॉकर धरून धाव पलंगापासून टीव्हीपर्यंत. देवळाच्या पायऱ्या उतरणं संपलं. मी म्हटलं, काकू, माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल लावून देते, मुलगा दिसेल, नात दिसेल. त्यांनी माझा हात धरून फोन खाली ठेवायला लावला.

"चोरून नको गं पोरी. चोरून बघितलेलं लेकरांना बाधतं. ह्यांच्या छताखाली ह्यांना फसवून म्या न्हाय बघायची."

"आणि टीव्हीवर?"

"टीव्हीवर तो आईच्या घरात दिसतो. तिथं कुणाची बंदी?"

म्हणून टीव्ही. नवरात्रात देवीची सकाळची पूजा एका चॅनेलवर थेट दाखवतात. मुलगा त्या गर्दीत असतो, कधी मागं, कधी आरतीचं तबक घेऊन पुढं. वर्षभरात काकूंना मुलगा दिसायचा तो तेवढाच.

माझ्या पहिल्या नवरात्रात मी त्यांच्याजवळ बसून ती पूजा पाहिली. तात्या त्याच खोलीत होते, पण टीव्हीकडं पाठ करून, कॅलेंडरकडं तोंड करून बसलेले. शपथ! मधूनमधून विचारायचे, "पंचामृत झालं का? आरती लागली का?" काकू सांगायच्या. मग काकूंनी पुढं होऊन काचेवर बोट टेकवलं. "ह्यो बघ." उंच, सावळा, कपाळभर मळवट. तबक घेऊन तो वळला आणि नेमका तेवढ्यात परतीच्या पावसाचा ढग आला. चित्राचे तुकडे झाले. काकूंचं बोट काचेवर तसंच राहिलं, खाली मुलाचा नुसता अर्धा कान.

तात्या ताडकन उठले. काय उत्साह! जिना चढून वर. "दिसतंय का?"

"न्हाय."

"आता?"

"न्हाय वं."

ते किती वेळ वर होते! पूजा संपली असावी, पाऊस पडून गेला, मग चित्र आलं. तोवर पडद्यावर कुणीतरी भजन म्हणत होतं. काकू अजून तिथंच बघत होत्या. तात्या ओलेचिंब होऊन खाली आले आणि मला म्हणाले, "बघा बाई. देऊळ दोन गल्ल्यांवर. तिथनं चित्र जातंय आभाळात आन् आभाळातनं येतंय आमच्या छत्रीत. नळदुर्गाला जायचं आन् व्हाया दिल्ली! वाटेत ढग घुसणार न्हाय तर काय?" मी हसले. आता त्या हसण्याचीही चीड येते.

पुढच्या वर्षी नवरात्र जवळ आलं तशी काकूंनी आयुष्यात बहुधा पहिल्यांदा काहीतरी मागितलं. "मोठी छत्री बसवा. टीव्हीचा नवा डबाबी घ्या. औंदा मला पूजा पुरती बघायचीय." तात्या हूं म्हणाले, तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी बसस्टँडजवळच्या डिशवाल्याला घेऊन आले. गडी सरळ होता. त्यानं वर जाऊन जुनी छत्री पाहिली, ठोकून पाहिली, आणि खाली येऊन खरं ते सांगितलं.

"तात्या, मुसळधार आली तर कुठलीच डिश दावत न्हाय. त्यापुढं आपलं कायबी चालत न्हाय. पण साधा ढग आला, भुरभुर आली, तर मोठी डिश टिकतीय. तुमची ही तर ढगाची सावली पडली तरी जातीय."

"म्हंजे ढग आला तरी दिसंल?"

"साध्या ढगाला दिसंल."

तात्यांचा चेहरा काही खुलला नाही. त्यांनी विचारलं, "आन् वर चढून हलवावी लागंल का?"

"काय गरज न्हाय. नीट घट्ट बसवून देतो. वर्ष-वर्ष वर बघायचं काम न्हाय."

"मग नको," तात्या म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. डिशवाल्यालाही तसंच वाटलं. त्यानं पुन्हा समजावलं, तात्यांनी पुन्हा तेच. "नको. मुसळधारीला जाणार असंल तर नवी काय आन् जुनी काय. आमची हाय ती बरी हाय." काकू उठल्या. वॉकर पुढं सारत पलंगाकडं गेल्या आणि भिंतीकडं कूस करून पडल्या. मी म्हटलं, तात्या, छत्री मी आणते. ते म्हणाले, "तुम्ही भाडेकरू हायसा. आपल्या खोलीत बसा."

मी खोलीत बसले आणि धुमसत राहिले. हेकट म्हातारा! बायकोनं एक गोष्ट मागितली, तीही देवाची, तीही पोटच्या पोराची, आणि याला गंजलेल्या पत्र्याचं प्रेम. मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना हे सांगत सुटले. सगळे हळहळले. एकजण म्हणाली, जुनी माणसं अशीच असतात गं. मला या वाक्याचाही संताप येतो. अशीच असतात म्हणजे काय? तशी राहू दिली म्हणून असतात.

त्या आठवड्यात पावसानं ओढ दिली. आभाळ कोरडं ठाक, ऊन कडक. टीव्हीवर चित्र असं स्वच्छ की निवेदिकेच्या कानातला डूल दिसावा. आणि तात्या मात्र बेचैन. दारात येऊन आभाळाकडं बघत, "काय दिवस आलेत, एक ढग न्हाय," म्हणून चिडचिड करत. शेतकऱ्यानं म्हणावं तर समजतं. तात्यांची शेती म्हणजे अंगणातली एक तुळस. काकू म्हणाल्या, "छत्री हलवायला मिळंना म्हणून कावलेत." आम्ही दोघी हसलो. खरं तेच होतं, पण आम्हाला अर्धंच कळलं होतं.

मग एका रविवारी दुपारी वारं सुटलं, मागच्या बाजूनं ढग चढले, आणि जिन्यावर पावलं वाजली. मी खोलीतच होते, दार अर्धं लोटलेलं. तात्या वर आले. "दिसतंय का?" ओरडले. खालून "न्हाय!" आलं. मी फटीतून पाहत होते, म्हटलं बघू तर खरं, हा माणूस त्या छत्रीला करतो तरी काय. काहीच करत नव्हते. एक हात छत्रीच्या कडेवर ठेवून, तिच्या आडून ते मागच्या गल्लीकडं बघत उभे होते. तिकडच्या गच्चीवर एक बाई लगबगीनं दोरीवरचे कपडे काढत होती. तिला मी कितीदा पाहिलं होतं. ढग आला की ती कपडे काढायला वर यायची. कडेवरची पोर खाली सोडायची आणि पोर ओल्या टॉवेलांतून पळत सुटायची. शेजारीण असेल कुणी, म्हणून मी कधी लक्ष दिलं नव्हतं.

"दिसतंय का?" तात्या ओरडले. आवाज खाली काकूंकडं, डोळे तिकडं.

"न्हाय!"

पोर एका चादरीत गुरफटून पडली आणि रडायला लागली. तात्यांचा हात छत्रीवरून सुटला, ते दोन पावलं पुढं झाले. तेवढ्यात समोरच्या जिन्यातून एक माणूस वर आला, त्यानं पोर उचलली. उंच, सावळा. कपाळावर मळवट नव्हता, तरी मी त्याला ओळखलं. काकूंनी काचेवर बोट ठेवून दाखवला होता तोच. तात्यांनी झटकन मान फिरवली आणि तोंड छत्रीत खुपसलं.

मग मला सगळं कळलं. मुलानं नवं घर मागच्याच गल्लीत घेतलं होतं, काकूंचं बाहेर पडणं बंद झाल्यावर. काकू वर आल्याच नव्हत्या, आणि तात्यांच्या धाकानं गल्लीत त्यांना कोण सांगणार? ढग यायचा, चित्र जायचं, सून कपडे काढायला वर यायची आणि तात्या छत्री हलवायला. मोठी छत्री बसली असती तर चित्र गेलं नसतं, आणि यांना वर यायला निमित्त उरलं नसतं.

इथं कुणी म्हणेल, अरे वा, आजोबांचं काळीज. मला तसं काही वाटलं नाही. मी सरळ दार ढकलून बाहेर आले.

"तात्या, ती तुमची नात ना?"

ते दचकले. मग हळूच म्हणाले, "चालती आता. मागल्या पावसाळ्यात रांगत व्हती."

"तुम्ही शपथ घेतली होती."

"त्याचं तोंड बघणार न्हाय म्हणलो व्हतो. तिचं म्हणलो नव्हतो." वकिली तयार होती! "आन् त्यो आला की म्या फिरवतो तोंड. बघितलंसा की तुम्ही."

"आणि काकूंनी कुठली शपथ घेतली होती?"

त्यांनी पुन्हा छत्रीची कड धरली.

"सांगा ना. गादी त्यांनी फेकली का? तोंड बघणार नाही असं त्या म्हणाल्या का? तुम्ही इथं उभं राहून नातीचं चालणं बघता आणि खाली त्या निळ्या पडद्याकडं बघत 'न्हाय, न्हाय' ओरडतात. तुमच्यासाठी ओरडतात! तुम्हाला वर उभं राहता यावं म्हणून!"

"हळू बोला. ऐकू जाईल खाली."

"जाऊ दे."

"तिला कळलं तर वर यायचं म्हणंल. जिना चढवत न्हाय तिला. नुसती झुरंल, म्हणून न्हाय सांगितलं."

"त्यांना झुरू द्यायचं नाही, म्हणून एकट्यानं बघायचं? आभाळाशी भांडावं म्हणता तुम्ही. कधी भांडलात? ढगाची तर वाट बघत होता. भांडलात ते पोटुशा सुनेशी, कारण तिला उलटून बोलायला जागा नव्हती."

खालून काकूंचा आवाज आला, "आवं, आलं बगा चित्र! या आता खाली!" ढग सरकला होता. समोरच्या गच्चीवर दोरी रिकामी झाली होती. तात्या माझ्याकडं न बघता जिना उतरून गेले. मी खोली सोडायचं ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी शाळेत दोन-तीन जणींना जागा बघायलाही सांगितलं.

मग देवी निद्रेला गेली. माझी गादी न्यायला मात्र या वेळी कुणी आलं नाही. मीच ती गुंडाळून कोपऱ्यात ठेवली. का ठेवली, मला विचारू नका. तात्या माझ्याशी बोलत नव्हते. गल्लीत कुणाशी भांडतही नव्हते. पेढेवाल्यानं मला काळजीनं विचारलं, "तात्यांना बरं न्हाय का?"

घटस्थापना तोंडावर आली आणि एका दुपारी डिशवाला नवा डबा आणि मोठी छत्री घेऊन दारात हजर. तात्यांनीच फोन केला होता. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. उशिरा का होईना, काकूंना यंदा पूजा दिसेल. वारं सुटलं होतं, मागून ढग चढत होते. डिशवाला म्हणाला, "तात्या, पाऊस यायच्या आत बसवून टाकू."

"आधी हे वर न्यायचंय," तात्या म्हणाले. हात असलेली खुर्ची त्यांनी काकूंच्या पलंगाजवळ आणून ठेवली होती.

"खुर्ची?"

"खुर्ची आन् हिला. छत्री धरायला माणूस लागतंय."

काकू हबकल्या. "आवं, मला उभं ऱ्हाता येत न्हाय, म्या काय छत्री धरू? येड लागलं का तुमाला?"

"तू नुसती बस. पेढेवाल्याला हाक मारा, बाई."

पेढेवाला आला. तो आणि डिशवाला खुर्चीच्या दोन बाजूंना, मी मागून वॉकर घेऊन. तात्या पुढं, उलटं चालत, "डावीकडं, भिंतीला लागंल, हळू रं, आंधळा हायस का?" असं ओरडत. जिन्याचं ते वळण! काकू डोळे गच्च मिटून आईचा धावा करत होत्या आणि मधूनच नवऱ्याला शिव्या देत होत्या. वर पोचलो तेव्हा सगळ्यांना धाप लागली होती. तात्यांनी खुर्ची आपल्या हातानं फिरवली. कठड्याजवळ, मागच्या गल्लीकडं तोंड करून.

काकूंनी डोळे उघडले. आधी त्यांना आभाळच दिसलं असेल, इतक्या दिवसांनी बघत होत्या. मग समोरची गच्ची. सून दोरीवरचे कपडे ओढत होती. पोर टॉवेलांतून पळत होती. सुनेनं सहज मान वर केली आणि तिच्या हातातली चादर तशीच राहिली.

मला वाटलं, आता ती पोर उचलून खाली जाणार. गेली असती तरी मी तिला नावं ठेवली नसती. तिनं चादर खाली टाकली, पोरीला उचललं आणि कठड्याशी येऊन दोन्ही हातांनी उंच धरलं. मग जिन्याकडं वळून हाक मारली, "अहो, वर या. आत्याबाई आल्यात गच्चीवर."

मुलगा वर आला. "आई?" म्हणाला. फक्त तेवढंच.

डिशवाला डबा काखेत धरून उभा होता, त्या बिचाऱ्याला काहीच कळेना. "तात्या, मग नवी बसवू का?"

तात्या तोवर जुन्या छत्रीपाशी गेले होते. मुलाचा आवाज ऐकला आणि ते तिच्याकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून उभे राहिले. दोन्ही हातांनी त्यांनी तिची गंजकी कड धरली होती. शपथ त्यांनी मोडली नाही. मला त्या शपथेचा तेव्हाही राग होता आणि आजही आहे.

"घेऊन जा परत," ते म्हणाले. "आमाला हीच बरी. ढग आला की जाती."

काकूंनी एक हात वर केला होता, तो खालीच येईना. पलीकडं पोर आजीकडं बघून तसाच हात हलवायला लागली. पहिले थेंब पडले तरी कुणी हललं नाही.

तात्यांनी मान वळवली नाही. नेहमीसारखंच ओरडायला गेले, पण आवाज निघाला तो अगदी बारीक.

"दिसतंय का?"

"दिसतंय," काकू म्हणाल्या. "लई साफ दिसतंय. आता हलवू नका."